पेनड्राइव्ह, क्लाउड आणि कामगाराचा कागद

कामगार चळवळीत कागदाला मोठे मोल आहे. कारखाना बंद पडतो, मालक बदलतो, हजेरी लिहिणारा मुकादम गाव सोडून जातो. पण नेमणुकीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या हाती असल्या तर पंधरा वर्षांनंतरही कामगार आपली नोकरी सिद्ध करू शकतो. त्या नसल्या तर, त्याने उभी हयात त्या भट्टीपाशी घालवली हे साऱ्या उद्यमनगराला ठाऊक असूनही फारसा उपयोग होत नाही. पूर्वी हे कागद पत्र्याच्या पेटीत असत. आज ते संगणकातील फाइली झाले आहेत. म्हणून या फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर कशा न्याव्यात, हा प्रश्न गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतील आणि इचलकरंजीच्या मागावरील माणसाचाही झाला आहे.

नेण्याच्या रीती दोन. पहिली पेनड्राइव्हची. २००० सालच्या सुमारास तो बाजारात आला तेव्हा त्यात अवघे ८ मेगाबाइट मावत. आज त्याच्या हजारो पट मावते. त्यात फिरणारा भाग नाही. बारीक चकतीवरील असंख्य कप्प्यांत विजेचा भार कोंडून अक्षरे राखली जातात. तो भार कालांतराने झिरपतो, म्हणून वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या पेनड्राइव्हवर विसंबून राहणे बरे नव्हे.

दुसरी रीत क्लाउडची. ड्र्यू हाउस्टन हा अमेरिकन तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला आणि पेनड्राइव्ह घरीच राहिल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्या वैतागातून ही कल्पना सुचली, असे तो सांगतो. २००७ साली त्याने ड्रॉपबॉक्स ही कंपनी काढली. नाव क्लाउड असले तरी यात आभाळातले काही नाही. नवी मुंबईसारख्या ठिकाणी मोठमोठ्या इमारती आहेत, त्यांत अहोरात्र चालणारी यंत्रे आहेत आणि त्यांची निगा राखणारे कामगार आहेत. आपल्या संगणकातील एक छोटा कार्यक्रम ठरावीक फोल्डरवर नजर ठेवतो. फाइल बदलली की तो बदल त्या कोठीत पाठवतो, आणि तेथून तो आपल्या दुसऱ्या संगणकावर उतरतो. यालाच सिंक म्हणतात.

आमच्या मते घागर आणि नळ यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. घागर आपली, पण ती वाहावी लागते आणि फुटली की पाणी गेले. नळाला वाहणे नाही, पण त्याची चावी दुसऱ्याच्या हाती.

कोल्हापूरकरांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत दुकाने आणि कचेऱ्या बुडाल्या. त्या वेळी ज्याची एकुलती एक प्रत खालच्या मजल्यावरील संगणकात आणि त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्हवर होती, त्याच्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात गेल्या. २०१९ साली पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी अनेक दिवस बंद होता. खिशातला पेनड्राइव्ह तरी कोणत्या वाटेने न्यावा? दूरच्या कोठीतील प्रत मात्र कोरडी राहिली.

एवढ्यावरून कोणी क्लाउडचा जयजयकार करील, तर त्याने दुसरी तारीख आठवावी. ७ जून २०२३ रोजी शहरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. फाइली कोठीत सुरक्षित होत्या. पण ज्यांची प्रत फक्त तेथेच होती, त्यांच्या त्या दिवशी उपयोगाच्या नव्हत्या. महापुरातही उपसा केंद्रे बुडाली, तेव्हा चोहीकडे पाणी आणि नळ कोरडा, हे आपण पाहिलेच आहे.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. सिंक म्हणजे राखण नव्हे. सिंक हा आज्ञाधारक नोकर आहे. एका संगणकावर फाइल पुसली की तो बाकी ठिकाणचीही पुसतो. गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. दोन वर्षे कोणी फिरकले नाही तर वैयक्तिक खातेच पुसून टाकण्याचा नियम गूगलने २०२३ साली केला. म्हणजे चिटणीस बदलला, जुन्या चिटणिसाच्या नावचे खाते कोणी उघडले नाही, की सभासदांचा इतिहास गुपचूप नाहीसा होऊ शकतो. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने मेगाअपलोड ही सेवा बंद पाडली, तेव्हा तेथे फाइली ठेवणाऱ्या निरपराध लोकांनाही त्या परत मिळेनात.

पेनड्राइव्हही निष्पाप नाही. २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू पेनड्राइव्हवरून पसरत असे, आणि इंटरनेटपासून तोडलेल्या इराणमधील अणुकेंद्राच्या यंत्रांपर्यंत तो पोहोचला. शिवाय पेनड्राइव्ह हरवला की त्यातील दोनशे सभासदांचे आधार क्रमांक आणि बँक खाती सापडेल त्याच्या हाती.

तेव्हा 'कोणते चांगले?' हा प्रश्नच अपुरा आहे. दोन्ही वाहतुकीची साधने आहेत. राखण होते ती निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या हाती ठेवलेल्या प्रतींमुळे. रोजच्या कामाला क्लाउड वापरावा. पण खाते संघटनेच्या नावे असावे, किल्ली दोघा पदाधिकाऱ्यांकडे असावी आणि निवडणुकीनंतर दप्तराबरोबर तीही रीतसर सोपवावी. महिन्यातून एकदा सर्व फाइलींची वेगळी प्रत पेनड्राइव्हवर वा मोठ्या डिस्कवर काढावी, तिला पासवर्ड घालावा, आणि ती कचेरीत न ठेवता पुराचे पाणी न येणाऱ्या घरी ठेवावी. सहा महिन्यांनी ती उघडून पाहावी; न उघडलेली प्रत आहे असे समजणे धोक्याचे. आणि मूळ कागद, सहीशिक्क्याचा, फेकू नये.

यात खर्च थोडा आहे, शिस्त मात्र पुष्कळ लागते. ती शिस्त एकट्या कामगाराला जड जाते. चौघांनी वाटून घेतली तर हलकी होते. संघटना असते ती याचसाठी.