पोऱ्या काय करस?

आमच्याकडे सोयरिकीचं बोलणं चहाच्या पहिल्या घोटाआधीच एका प्रश्नावर येतं. ‘पोऱ्या काय करस?’ मुलगा काय करतो, एवढंच. उत्तर ‘शेती’ आलं की समोरचा माणूस बशी खाली ठेवतो. अपमान करत नाही, उठूनही जात नाही. फक्त बोलणं पावसाकडे वळतं. देवळ्याच्या पाच कंदील चौकात बसून हे वळण मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पाऊस निघाला की कळतं, सोयरीक गेली.

परवा एका ओळखीच्या गृहस्थाने मोबाइलवर मुलाचा बायोडाटा दाखवला. वर गणपती, खाली सूट घातलेला फोटो. सूट स्टुडिओतला, हे खांद्यावरून लगेच कळतं. उंची, रास, मामेकूळ, ‘बागायत चार एकर, विहीर, पाइपलाइन, ट्रॅक्टर’. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एवढ्यावर मुलीचे बाप दारात आले असते. आता त्याखाली ‘सध्या नाशिक येथे खासगी कंपनीत’ अशी ओळ घातली होती. मी विचारलं, कधी लागला? म्हणाले, ‘‘लागना नही अजून. लगीन होईपर्यंत अंबडले खोली करी दिन्ही.’’ ही युक्ती त्यांच्या एकट्याची नाही. लग्न जमेपर्यंत नोकरी करायची, हळद उतरली की परत विहिरीवर यायचं. मुलीकडच्यांनाही ती आता पाठ झाली आहे, त्यामुळे पगाराची चिठ्ठी मागतात.

कसमादे म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. 1999 साली आजूबाजूची गावं तोडून आमचा तालुका झाला. गिरणेकाठच्या विठेवाडीचा वसंतदादा पाटील साखर कारखाना, आमचा ‘वसाका’, कधी चालू तर कधी बंद. डाळिंबाने काही वर्षं बंगले बांधून दिले. मग तेल्या रोग आला, मर आली आणि बंगल्यापुढच्या बागा उपटून तिथे कांदा आला. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा आणि भावाची वाट पाहायची. लग्नाचा मुहूर्त पंचांग सांगतं, पण हॉल कधी ठरवायचा हे चाळ सांगते.

आणि चाळीचं काय खरं? ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क आलं, डिसेंबरात निर्यात बंदच झाली, मे 2024 मध्ये उठली ती किमान निर्यात मूल्य आणि शुल्क घेऊन. शुल्क पुरतं गेलं ते एप्रिल 2025 मध्ये. मुलीचा बाप नुसता भाव पाहून नकार देत नाही. भाव ठरवणारा माणूस आपल्या ओळखीतला नाही, हे त्याला कळतं म्हणून देतो. तो स्वतः शेतकरीच असतो. त्याची बायको चाळीत बसून गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी करत असते, आणि नकाराचं पहिलं मत बहुधा तिचं असतं. शेतकऱ्याला मुलगी न देण्यात शेतकऱ्याची बायको पुढे आहे. मला तिला दोष देववत नाही. घरच्या मालकीत तिचं नाव नाही, मजुरीत तिचा हिशेब नाही, मग लेकीसाठी तिने वेगळं का मागू नये?

त्यात मुली शिकल्या. इथल्या कर्मवीर रामरावजी आहेर महाविद्यालयातून पोरी बाहेर पडतात, पुढे नाशिक-पुण्याला जातात. बरोबरीची पोरं पहाटे रस्त्याकडेने धावतात, पोलीस भरतीसाठी. एका भरतीच्या जागा किती आणि धावणारे किती, हे रस्ताच सांगतो.

मुळात मुलीच कमी. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 1991 साली 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये, आणि त्यानंतरची ही उतरण. 2001 च्या मोजणीतली ती पोरं आज पंचविशी-तिशीत नवरदेव होऊन बसली आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बिनलग्नाच्या तरुणांनी घोड्यावर बसून, मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. मीही हसलो. पण त्यांच्या मागण्यांत गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा हीसुद्धा एक होती. पन्नाशीच्या ज्या पिढीने सोनोग्राफीचं बिल भरलं, ती पिढी मात्र त्या घोड्यांच्या मागे चालताना मला दिसली नाही.

टंचाई आली की भाव चढतो, हे कांदेवाल्यांना शिकवायला नको. काही घरांत हुंड्याची दिशा उलटली. लग्नाचा सगळा खर्च मुलाकडे, वर मुलीच्या बापाचं कर्ज फेडून द्यायचं. ऐकायला न्याय वाटतो, पण त्या पैशावर मुलीचा ताबा नसतो. आणि गरीब घरच्या लेकीला अठरा पुरी होण्याआधीच मागणी येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या विशी ते चोविशीच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

उरलेल्यांसाठी दलाल. तो दूरच्या जिल्ह्यातून, कधी परराज्यातून मुलगी आणतो, दीड-दोन लाख घेतो, देवळात माळा घालतो. कधी आठवड्यात नवरी दागिन्यांसह नाहीशी होते. मग त्या बातमीवर हसायचं, कारण फसलेल्या घराला पोलिसांत जायचीही लाज. कधी मात्र ती राहते, नांदते. हरियाणात अशा बायकांना ‘मोलकी’ म्हणतात, मोलाने आणलेली. आमच्याकडे अजून तसा शब्द रुळलेला नाही. तो न रुळो.

या दलालीच्या लग्नात एक गोष्ट कोणीच विचारत नाही, ती म्हणजे जात. शहाण्णव कुळ्या मोजणारा, मामेकुळावरून तीन सोयरिकी मोडणारा माणूस इथे फक्त आधारकार्ड पाहतो. आणि त्याच माणसाच्या मुलीने गावातल्याच, बरोबर शिकलेल्या, दुसऱ्या वस्तीतल्या पोराचं नाव घेतलं तर घरात आकाश कोसळतं. आपल्या गरजेपुढे जात वाकते, पोरीच्या पसंतीपुढे ताठ उभी राहते. जातीवरची खरी तोड आंतरजातीय लग्नं हीच, असं आंबेडकरांनी 1936 मध्ये लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, धर्म सोडण्याची घोषणा त्यांनी केली ती आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात. येवला इथून लांब नाही.

पसंतीची किंमत नाशिकने पाहिली आहे. 2013 मध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर लेकीचा बापानेच जीव घेतला. मागे जातपंचायतीचा धाक होता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यातूनच जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली. त्याच वर्षी, 20 ऑगस्टला, समितीच्या दाभोलकरांचा खून झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने 2016 मध्ये मंजूर केला, तो 3 जुलै 2017 पासून लागू झाला. पण आमच्याकडचा बहिष्कार पंच घालत नाहीत. तो भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, एका ‘रिमूव्ह’मध्ये होतो.

मुलगी सतरा वर्षं दहा महिन्यांची असेल तर पंचांची गरजच नाही. बाप अपहरणाची फिर्याद देतो, पोक्सो लागतो, एकोणीस वर्षांचा पोरगा आत जातो. हा कायदा 2012 मध्ये लेकरांच्या रक्षणासाठी झाला आणि त्याची गरज रोज दिसते. पण मुलगा दलित, भिल्ल किंवा मुसलमान असला की फिर्याद नोंदवायची घाई वेगळीच असते, आणि मुलगी न्यायालयात काय सांगते ते ऐकायला गावाला सवड नसते.

मुसलमानांचं घ्या. आमच्याकडचे पिंजारी, तांबोळी घरचे लोक बाजारात अहिराणी बोलतात, सोयरीक करायला मालेगावला जातात. तिथेही पहिला प्रश्न तोच, फक्त उर्दूत: लडका क्या करता है? यंत्रमागावरची कारागिरी म्हटली की तिथेही पावसाची चर्चा निघते. दुखणं एकच, पण दोन्ही घरं ते एकमेकांना सांगत नाहीत. जुलै 2021 मध्ये नाशिकला एका आंतरधर्मीय जोडप्याचं नोंदणी लग्न दोन्ही घरांच्या राजीखुशीने झालेलं होतं. समारंभाची पत्रिका मोबाइलवर फिरली आणि ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. घरचे तयार आणि शेजारी नाराज, असा हा नवा प्रकार. पुढच्या वर्षी, 13 डिसेंबर 2022 ला, शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर ‘समन्वय’ समिती नेमली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द वगळला, आंतरधर्मीय ठेवला. एकीकडे ठरावीक आंतरजातीय लग्नांना पन्नास हजारांचं अनुदान आणि दुसरीकडे ही चौकशी. 1954 च्या विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीस आहेच. भिंतीवर लागलेला तो कागद आता गावात सर्वांत आधी पोचतो.

कांदा लागवडीला सुरगाणा-कळवणकडून पिकअप भरून कोकणा आणि भिल्ल जोडपी येतात. त्यांच्यात देज मुलाकडून मुलीकडे जातं, पळून गेलेली जोडी काही दिवसांनी परत येते, पंच दंड लावतात, जेवण होतं, संसार सुरू. शेतमालक त्यांना मागासलेलं म्हणतो आणि बांधावर उभा राहून दलालाशी फोनवर बोलतो.

एक कोपरा असा, की त्याबद्दल कोणी बोलत नाही. घोडनवरे इतके झालेत की ज्याला मुलगी नकोच आहे, ज्याचं मन मुलावर आहे, तोही त्या गर्दीत लपून जातो. 377 कलमाचा निकाल सप्टेंबर 2018 मध्ये आला. चौकात त्यावर चर्चा झाल्याचं आठवत नाही. तिशीचा एक जण मला म्हणाला, ‘‘काका, मंदी माझ्या पथ्यावर पडली.’’ इतकंच, आणि त्याने चहाचे पैसे दिले.

गेल्या जेठात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. चाळीपुढे नवी सून बसली होती, दलालाने आणलेली. तिची भाषा इथली नाही, हात मात्र सराईत झाले होते, जोड कांदा न बघता बाजूला टाकत होती. शेजारीण सहज म्हणाली, कोणत्या समाजातली? सासू तडक म्हणाली, ‘‘आपलीच शे.’’ शेजारीण पुढे काही बोलली नाही.

त्याच घराची एक पुतणी दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या मुलाशी नोंदणी लग्न करून नाशिकला गेली. कशी आहे ती, मी विचारलं. सासूबाईंनी पाटी पुढे ओढली आणि गोल्टी निवडायला घेतली.