रानपिंगळ्याचा पुनर्शोध आणि संवर्धन : क्षेत्रकार्याची भूमिका

प्रस्तावना :
दुर्मीळ प्राण्यांचे संवर्धन म्हटले की वाघ, हत्ती यांसारखे भव्य प्राणी डोळ्यांपुढे येतात. रानपिंगळा हा मात्र जेमतेम वीतभर लांबीचा, केवळ मध्य भारतात आढळणारा घुबडवर्गीय पक्षी आहे. संवर्धनासाठी करावयाचे क्षेत्रकार्य हे रानात पाऊल टाकण्यापूर्वी, उपलब्ध नोंदींच्या तपासणीपासूनच सुरू होते, हे या पक्ष्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

नोंदींची फेरतपासणी :
१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळविला व १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत खानदेशात काही नमुने गोळा केले. त्यानंतर १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे एक नमुना मिळाल्याचा दावा रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी केला आणि तीच या पक्ष्याची अखेरची नोंद मानली गेली. सलीम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी घेतलेला शोधही निष्फळ ठरला.

पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने तपासले तेव्हा मांडवीचा नमुना संशयास्पद वाटला. तो मुळात डेव्हिडसन यांचा असून, संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून व खोटी चिठ्ठी लावून ठेवला होता, असे रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. ही नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुन्या विश्वसनीय ठिकाणीच शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसरात, म्हणजे ११३ वर्षांनंतर, रानपिंगळा पुन्हा दिसला.

क्षेत्रकार्याचे स्वरूप :
या कार्यातील पहिली अडचण ओळखीची होय. गावाच्या आसपास सर्वत्र आढळणारा ठिपकेदार पिंगळा दिसावयास बराचसा तसाच असतो. रानपिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात. पंख व शेपटीवर ठळक पट्टे असतात. पोटाचा मध्यभाग पांढरा, तर चोच व नख्या दणकट असतात. तो दिवसाही सक्रिय असतो व निष्पर्ण फांदीवर उघडा बसतो. त्यामुळे रात्रीऐवजी सकाळचे निरीक्षण अधिक उपयुक्त ठरते. आवाजावरूनही दोन्ही जाती वेगळ्या ओळखता येतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी पुढील काळात त्याचे खाद्य, घरटी व अधिवास यांचा अभ्यास केला. उंदीर, सरडे व कीटक हे त्याचे भक्ष्य असून, वृक्षांच्या ढोलीत तो घरटे करतो. साहजिकच जुने, ढोली असलेले वृक्ष तोडले गेल्यास वीण धोक्यात येते. मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील सातपुड्याचा भाग आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा येथेही त्याची नोंद झाली.

या नोंदींमुळे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलण्यात आला. याचा अर्थ पक्षी वाढले असा नव्हे, तर माहिती वाढली असा आहे. प्रौढ पक्ष्यांची संख्या आजही हजाराच्या आत असावी, असा अंदाज आहे.

स्थानिक समाजाचा सहभाग :
शेतीसाठी होणारी जंगलतोड, सरपण, वणवे आणि घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा ही या पक्ष्यापुढील प्रमुख संकटे आहेत. ज्या रानात तो राहतो, त्याच रानावर भिल्ल, पावरा व कोरकू समाजांची उपजीविका अवलंबून आहे. म्हणून केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही. ढोलीचे झाड कोणते, घरटे कोठे, हे रोज रानात जाणाऱ्यासच प्रथम कळते. त्याला अभ्यासात सहभागी करून घेणे हा संवर्धनाचा भाग ठरतो.

समारोप :
एका खोट्या चिठ्ठीने अनेक दशके शोधाची दिशा चुकविली, तर काटेकोर तपासणीने ती पुन्हा सापडली. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतही जुने नमुने असतात. त्यांवरील स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव पडताळून नोंदविणे आणि विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटींत प्रामाणिक नोंदींचा आग्रह धरणे, एवढे कार्य प्रत्येक महाविद्यालयास शक्य आहे. न दिसलेला प्राणी ‘दिसला नाही’ असे लिहिणे हीदेखील मोलाचीच नोंद होय.