पाऱ्याचं चाक आणि चुंबकाची चढण

फार जुनी गोष्ट आहे, लेकरांनो. आपल्या नरसीत नामदेव महाराज जन्मायला अजून एक वर्ष बाकी होतं. परंपरा त्यांचा जन्म 1270 सालचा मानते, म्हणजे मी सांगतोय ते साल 1269. इकडे देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि तिकडे इटलीत लुचेरा नावाच्या गावाला फौजेचा वेढा पडला होता. त्या फौजेच्या तळावर पीटर पेरेग्रिनस नावाचा एक फ्रेंच माणूस होता. त्यानं 8 ऑगस्टला आपल्या गावाकडच्या माणसाला लांबलचक पत्र लिहिलं, तेही चुंबकावर!

पत्र असं की आजच्या मास्तरांनीही वर्गात वाचून दाखवावं. चुंबकाला दोन ध्रुव असतात, ते कसे शोधायचे, चुंबक मधोमध तोडला तर दोन्ही तुकड्यांना पुन्हा दोन-दोन ध्रुव कसे मिळतात, हे सगळं त्यानं स्वतः करून पाहून लिहिलं होतं. आणि पत्राच्या शेवटी काय? एक चाक. चाकाला लोखंडाचे दाते, जवळ एक चुंबक. चुंबक दाता ओढणार, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि चाक कायमचं फिरत राहणार. त्याच पत्रात चुंबकाच्या गोळ्याचीही एक युक्ती आहे. असा गोळा आसावर नीट बसवला तर तो आभाळाबरोबर आपोआप फिरेल, आणि नाहीच फिरला तर दोष निसर्गाला देऊ नका, तुमच्या हातात कसब नाही असं समजा, असा त्याचा सल्ला. साडेसातशे वर्षं झाली, पण अशी आपोआप चालणारी यंत्रं विकणारे अजून हेच सांगतात: यंत्र बरोबर आहे, तुम्हालाच जोडता आलं नाही.

धाकटी म्हणेल, आजोबा, हे परक्या मुलखातलं झालं. तर आपल्याकडचंही ऐका. चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथला एक शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे. त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला होता. या भास्कराचार्यांनी 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या यंत्राध्यायात आपोआप फिरणारं एक चाक आहे. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं, त्याला सारख्या अंतरावर पोकळ, जरा वाकडे आरे बसवायचे, प्रत्येक आरा पाऱ्यानं अर्धा भरून तोंड बंद करायचं. मग आस दोन खांबांवर ठेवली की चाक फिरतंच राहील. भास्कराचार्यांच्याही पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्तानं असंच चाक सांगितलं होतं.

ते फिरत नाही. का, ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. उतरत्या बाजूला पारा धावेकडे सरकतो, आसापासून लांब जातो, म्हणून तिथं तो जास्त जोर लावतो. हे खरंच आहे. पण चढत्या बाजूला बघा. तिथं पारा आसाजवळ असला तरी त्या बाजूला पारा असलेले आरे संख्येनं जास्त पडतात. लांबचे थोडे आणि जवळचे पुष्कळ, दोन्हींचा जोर बरोबरीत सुटतो. चाकाला हातानं ढकला, चार गिरक्या घेईल, आस घासेल, पारा डुचमळेल आणि सगळा भार आसाच्या खाली येऊन चाक थांबेल. एवढ्यानं भास्कराचार्य लहान होत नाहीत. ज्यानं ग्रहांच्या गतीचं इतकं बारीक गणित केलं, त्यालाही या चाकाची भुरळ पडली, मग आपल्या गावातल्या पोरांना पडली तर त्यांना हसायचं काय कारण?

आता चुंबकाकडे येऊ. 1648 साली इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्स नावाच्या विद्वानानं एक पुस्तक छापलं. हा गृहस्थ पुढे बिशप झाला. त्यात एक उतरण आहे. उतरणीच्या माथ्यावर मोठा चुंबक, खाली लोखंडाची गोळी. चुंबक गोळीला वर ओढतो. माथ्याच्या जरा अलीकडे एक भोक. गोळी भोकातून पडते, खालच्या वाकड्या वाटेनं पुन्हा पायथ्याशी येते आणि पुन्हा वर निघते. पाहिलं की वाटतं, हे चालणारच! पण विल्किन्सनं चित्राबरोबर त्याचं मरणही लिहून ठेवलं. पायथ्यापासून गोळी वर ओढण्याइतका जोर ज्या चुंबकात आहे, तो भोकाशी तर आणखीच जवळ असतो. तो गोळीला खाली पडू देईल कशाला? आणि पडू देण्याइतका दुबळा असेल, तर तो तिला पायथ्यापासून वर आणणार नाही.

बैलगाडी कयाधूच्या पात्रात उतरते तेव्हा बैलांना ओढावं लागत नाही, गाडीच त्यांना ढकलते. पण पलीकडच्या काठावर चढताना तोच सगळा जोर परत द्यावा लागतो. चुंबकाचं अगदी असंच आहे. जवळ येताना तो जेवढं देतो, लांब जाताना तेवढंच वसूल करतो. चुंबक दहा लावा, शंभर लावा, तिरके लावा, गोल लावा. पूर्ण फेरा मारून मूळ जागी आलात की हाती उरतं शून्य. घर्षण धरलं तर शून्याच्याही खाली.

थोरल्याचा प्रश्न मला माहीत आहे. कपाटाच्या दाराला चिकटलेला चुंबक वर्षानुवर्षं दार धरून ठेवतो, थकत नाही, मग ती शक्ती कुठून येते? अरे, धरून ठेवायला शक्ती खर्चच होत नाही. दार हललं तर काम झालं. हललंच नाही तर काम कसलं? आणि चुंबकात साठवलेलं असतं तरी किती? आज बाजारात मिळणारा सगळ्यात जोरकस चुंबक निओडिमियमचा. त्याच्या एक घन सेंटीमीटर तुकड्यात एक ज्यूलसुद्धा ऊर्जा नसते. तेवढ्याच पेट्रोलमध्ये तीस हजार ज्यूलच्या वर असते. आपल्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार रात्रीच्या लाईनवर आठ तास चालली की साधारण तीस युनिट जळतात, म्हणजे दहा कोटी ज्यूलच्या पुढे. चुंबकातली ऊर्जा खेचून काढता आली असं धरलं, तरी हळदीला एका रात्रीचं पाणी द्यायला असे दहा कोटींहून जास्त तुकडे लागतील, आणि सकाळी ते सगळे निव्वळ दगड झालेले असतील.

मग नव्या पंख्यात चुंबक असतो आणि बिल कमी येतं, ते कसं? त्या पंख्याला बीएलडीसी म्हणतात. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, हा तीस-पस्तीस. चुंबकामुळे मोटारीतली नासाडी कमी होते, एवढंच. भिंतीवरचं बटण बंद करून पाहा, चुंबक जागच्या जागी असतो आणि पंखा थांबतो.

आता यातली सगळ्यात रंगतदार गोष्ट. अमेरिकेत चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस होता. त्यानं 1812 साली फिलाडेल्फियात आपोआप चालणारं यंत्र मांडलं आणि बघायला तिकीट लावलं. तिथं लोकांना संशय आला, तसं बिऱ्हाड न्यूयॉर्कला हलवलं. 1813 मध्ये ते बघायला रॉबर्ट फुल्टन आला, तोच वाफेच्या बोटीवाला. फुल्टननं डोळ्यांआधी कान लावले. यंत्राचा आवाज एकसारखा येत नव्हता. कुणी हातानं दांडा फिरवत असावं, तसा कमी-जास्त होत होता. त्यानं यंत्राजवळच्या भिंतीच्या फळ्या उचकटल्या. आतून आतड्याच्या दोरीचा एक पट्टा निघाला. पट्ट्यामागे वर माळ्यापर्यंत गेले, तर तिथं एक दाढीवाला म्हातारा भाकरतुकडा चघळत दांडा फिरवत बसलेला! अशी यंत्रं दाखवणाऱ्या आजच्या व्हिडिओत म्हाताऱ्याची गरज उरली नाही. पाटाखाली नाण्याएवढी बॅटरी, टेबलाखाली तारेचं वेटोळं, एवढ्यावर भागतं. एलईडी दिवा तर इतक्या थोड्या विजेवर लागतो की तो लागलेला पाहून काहीच सिद्ध होत नाही.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं 1775 मध्येच ठरवून टाकलं होतं की असे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत. नंतर ज्यूल नावाच्या शास्त्रज्ञानं वजनं खाली सोडून पाणी ढवळलं, पाणी किती तापलं ते मोजलं, आणि काम नि उष्णता यांचा हिशेब जुळवून दिला. ऊर्जा रूप बदलते. नव्यानं निर्माण होत नाही, नाहीशीही होत नाही.

हा नियम फक्त विहिरीवर आणि पंख्यावरच चालतो असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळ दुधाळ्याच्या माळावर, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं त्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणींनी 14 सप्टेंबर 2015 रोजी दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. एक साधारण 36 सूर्यांच्या वजनाचं, दुसरं 29 च्या. मिळून 65 व्हायला हवं होतं, झालं 62. मग तीन सूर्य गेले कुठे? त्यांच्याच गुरुत्वलहरी झाल्या आणि शंभर कोटींहून जास्त वर्षं प्रवास करत इथवर आल्या. एवढ्या उलथापालथीतही फुकट काही निघालं नाही.

औंढ्याचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती भक्तीची गोष्ट आहे. तिथं मी मोजपट्टी घेऊन जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. पण नामदेवांनी त्यासाठी कुणाकडून आगाऊ रक्कम घेतली नव्हती. जो यंत्र विकायला येतो त्याची गोष्ट वेगळी, त्याला मीटर लावायचाच. सरकारही त्याला दारात उभं करत नाही. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचं तिसरं कलम सांगतं की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंट नाही.

तेव्हा उद्या कोणी चुंबकाचा जनरेटर घेऊन आपल्या शेतावर आला, तर भांडू नका, चहा द्या. यंत्र मोकळ्या जमिनीवर ठेवायला सांगा, खालून-वरून बघा, एकही वायर आत जाऊ देऊ नका. त्याच्यावर आपली पाच अश्वशक्तीची मोटार जोडा आणि सलग दोन दिवस, दोन रात्री पाणी काढू द्या. पैशाचं तिसऱ्या दिवशी बोलू म्हणावं.