काम घरून, मग चौकशी घराण्याची कशाला?

नांदेड-लातूरच्या आपल्या मुलांना आता मुलाखतीसाठी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुणे गाठावे लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर सल्लागार कंपन्या संगणकाच्या पडद्यावरच मुलाखती घेऊ लागल्या. काम घरून, पगार शहरातला. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून किंवा त्याच्या लातूर उपकेंद्रातून पदवी घेतलेल्या मुलाला वाटते, आता गाव कोण विचारतो?

विचारतात! मुले आमच्याकडे येऊन सांगतात तो अनुभव जवळपास एकसारखा असतो. लेखी चाचणी पार पडते. एखाद्या धंद्याचा तोटा का वाढला, हे सोडवायला देतात, तेही जमते. शेवटच्या फेरीत मात्र प्रश्न बदलतात. पूर्ण नाव काय? मूळ गाव कोणते? वडील काय करतात? वडील ऊसतोडीला जातात म्हटले की पडद्यावरचे साहेब घड्याळ बघतात. मध्येच लाईट गेली तर मुलगा 'गंभीर नाही'. आठ दिवसांनी पत्र येते, आपण आमच्या 'संस्कृतीत' बसत नाही. ही कोणती संस्कृती, ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

एका मुलीने मुलाखतीआधी मागच्या भिंतीवरची तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर उतरवून ठेवली. आईने विचारले, "का काढलीस गं?" मुलगी काहीच बोलली नाही.

हा मुलांचा न्यूनगंड आहे, असे म्हणणाऱ्यांनी २००७ सालचा अभ्यास वाचावा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ६६ आठवडे खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची शक्यता १०० धरली, तर दलित नावाची सुमारे ६७ आणि मुस्लिम नावाची ३३ निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन भरती अधिकाऱ्यांशी बोलले, तेव्हा ते अधिकारी 'कौटुंबिक पार्श्वभूमी' पाहतो असे उघडपणे सांगत होते. गुणवत्तेच्या गप्पा मारणारेच घराणे तपासतात.

आता कायद्याचे. अजय हसिया खटल्यात (निकाल १३ नोव्हेंबर १९८०) श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या मुलाखती सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या होत्या. उमेदवारांची तक्रार काय होती? दोन-तीन मिनिटांची मुलाखत, आणि प्रश्न आई-वडिलांचे व राहण्याच्या ठिकाणाचे! मुलाखतीला एक तृतीयांश गुण ठेवणे न्यायालयाने मनमानी ठरवले, १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. पण ते महाविद्यालय 'राज्य' या व्याख्येत बसले, म्हणून हे घडले. खासगी कंपनी त्या व्याख्येत बसत नाही. अनुच्छेद १६ तिच्या दारापर्यंत पोहोचत नाही. खाउजा धोरणाने आपल्या नोकऱ्या नेमक्या याच दाराआड नेऊन ठेवल्या.

तरी हात अगदीच रिकामे नाहीत. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने 'कोणतीही नोकरी' हे शब्द घातले गेले. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी आणणे हा गुन्हा आहे. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल, तर आडकाठी त्याच कारणावरून झाली असे न्यायालय कलम १२ खाली गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. मात्र आधी आडकाठी झाली हे दाखवावे लागते, आणि मुले येतात ती तोंडी हकिगत घेऊन.

म्हणून मुलांनो, मुलाखत संपताच वहीत तारीख, वेळ, विचारणाऱ्याचे नाव आणि प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहा. नकाराचे पत्र पुसून टाकू नका. नकाराचे कारण ईमेलनेच मागा, फोनवर नको. १९८० साली टेपरेकॉर्डर ठेवा म्हणून न्यायालयाला सुचवावे लागले होते. आज या मुलाखतीचे चित्रीकरण एका कळीवर होते, पण त्याची प्रत कंपनीच्या कपाटात राहते. ती उमेदवाराला मागता क्षणी मिळालीच पाहिजे, ही मागणी पुढच्या मोर्चाच्या निवेदनात घालावी.