उत्खनन यंत्राची बकेट पिन : मोजणी आणि निवड

निपाणीहून बेळगावकडे जाताना पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना जमीन खोदणारे वा माती उचलणारे एखादे तरी यंत्र हल्ली दृष्टीस पडतेच. रस्त्याच्या रुंदीकरणापासून शेततळ्यापर्यंत आणि विहिरीच्या खोदाईपासून दगडखाणीपर्यंत, जी कामे पूर्वी कुदळ, फावडे आणि पहार यांच्या बळावर महिनोन्‌महिने चालत, ती आता काही दिवसांत उरकतात. सर्वसामान्य माणूस या यंत्राला ‘पोकलेन’ म्हणून ओळखतो. वस्तुतः हे नाव एका फ्रेंच कंपनीचे. लार्सन अँड टुब्रो या कंपनीने एकेकाळी तिची यंत्रे भारतात तयार केली आणि ते नाव यंत्राच्या जातीलाच चिकटले. आज धारवाडच्या टाटा हिताची कारखान्यातून बाहेर पडणारे यंत्रही लोकांच्या तोंडी पोकलेनच असते.

या यंत्राचे मालक सगळेच मोठे कंत्राटदार नसतात. बँकेचे कर्ज काढून एकच यंत्र घेतलेले आणि ते तासाच्या भाड्याने फिरवणारे लहान उद्योजक व शेतकरी या भागात बरेच आहेत. यंत्र उभे राहिले तर भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. इंजिन व हायड्रॉलिक पंप यांची निगा असा मालक सहसा काळजीने राखतो. ज्या भागाकडे त्याचे दुर्लक्ष होते तो भाग म्हणजे बकेटीची पिन. ती एक लोखंडी दांडी आहे, मोडली तर दुसरी करून घेऊ, अशी समजूत असते. ही समजूत फार महागात पडते.

यंत्राचा हात दोन भागांचा असतो. यंत्राच्या धडाला जोडलेला तो बूम आणि त्याच्या पुढचा तो आर्म. आर्मच्या टोकाला बकेट लटकते. बकेटीच्या पाठीवर जाड पोलादी पत्र्याचे दोन कान असतात. त्यांतून आणि आर्मच्या टोकातून आरपार जाणारी पहिली पिन बकेटीला आर्मशी जोडते. दुसरी पिन बकेटीला सिलिंडरच्या दुव्याशी जोडते आणि तिच्यामुळे बकेट आत-बाहेर वळते. वीस टनांच्या वर्गातील यंत्र बकेटीच्या दातांवर साधारणतः तेरा ते पंधरा टनांचा जोर लावते. तो सगळा जोर या दोन पिनांतून जातो. पिन बकेटीच्या कानात आडव्या बोल्टाने अडकवलेली असते आणि आर्मच्या बाजूला ती कठीण पोलादाच्या बुशमध्ये फिरते. झिजण्याचे काम मुख्यतः बुशने करावे, त्यानंतर पिनने, आणि कानाने वा आर्मने कधीही करू नये, हा या रचनेचा हेतू आहे. बुश बदलणे सोपे असते. पिन बदलणेही सोपे. कानाचे भोक लंबगोल झाले, तर वेल्डिंगने भरून ते पुन्हा बोअर करावे लागते आणि दोन्ही कानांची भोके एकाच रेषेत आणण्याचे काम कुशल कारागीरच करू शकतो.

सुताचे माप आणि मिलिमीटरचे माप

बेळगाव हे ओतकाम आणि यंत्रकाम यांचे जुने केंद्र. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांतून मोटारींच्या व पंपांच्या सुट्या भागांचे काम होते. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या पॉलिहायड्रॉनसारख्या कंपन्याही याच शहरात उभ्या राहिल्या. महामार्गालगत हत्तरगी येथील विशेष आर्थिक क्षेत्रात तर विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि तेथे माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत पाहिले जाते. उत्तरेला कोल्हापूरची शिवाजी उद्यमनगर वसाहत आहे. या दोन्ही शहरांच्या मध्ये असलेल्या निपाणीच्या यंत्रमालकाला चांगला लेथ आणि चांगला टर्नर शोधण्यास दूर जावे लागत नाही. अडचण असते ती टर्नरपर्यंत पोहोचणाऱ्या मापाची.

मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी लोखंडाच्या व लाकडाच्या व्यवहारातून सूत अद्याप गेलेले नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, अर्थात ३.१७५ मिलिमीटर. जुनी पिन टेपने मोजून ‘तीन इंच एक सूत’ असा निरोप कारखान्यात पाठवला जातो. हिशेब केला असता हे माप ७९.३७५ मिलिमीटर भरते. वीस टनी यंत्राची पिन बहुधा ८० मिलिमीटरची असते. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. इतक्याने काय होणार, असे कोणालाही वाटेल.

काय होते ते पाहू. समजा, नव्या बुशचे भोक ८०.२५ मिलिमीटर आहे आणि मूळ पिन ७९.९५ मिलिमीटर आहे. म्हणजे दोहोंमधील मोकळीक ०.३० मिलिमीटर झाली. ग्रीसचा थर राहण्यासाठी इतकी मोकळीक आवश्यकच असते. पुष्कळ यंत्रांत ही मोकळीक एक मिलिमीटरच्या आसपास पोहोचली की बुश वा पिन बदलण्याची वेळ आली असे समजतात. नेमकी मर्यादा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते. आता त्याच बुशमध्ये तीन इंच एक सुताची पिन घातली, तर पहिल्याच दिवशी मोकळीक ०.८७५ मिलिमीटर होते. पिन नवी असते, मालकाने पैसे मोजलेले असतात आणि जोड मात्र जन्मतःच म्हातारा असतो! त्यापुढे प्रत्येक दणक्याला पिन बुशवर आदळते, ग्रीस बाहेर फेकले जाते आणि झीज वेगाने वाढते.

माप कोठे घ्यावे

यास्तव पिनचा व्यास व्हर्नियर कॅलिपरनेच मोजावा. सामान्य कारखान्यांतील १५० मिलिमीटरचा व्हर्नियर या कामास पुरतो. मोजण्यापूर्वी पिनवरील ग्रीस, रंग व गंज पूर्ण पुसून काढावा आणि टोकाला हातोड्याच्या घावांनी आलेली कड कानशीने उतरवावी. अन्यथा ती कडच मोजली जाते.

खरी चूक होते ती जागेच्या निवडीत. जुनी पिन सर्वत्र सारखी झिजत नाही. आर्मच्या भोकात बहुधा दोन बुश असतात, दोन्ही बाजूंना एकेक. जेथे बुश टेकतात तेथे पिनवर झिजलेले दोन पट्टे पडतात. दोन बुशांच्या मधल्या भागात पिन कशालाच टेकत नाही. तेथे आणि पिनच्या अगदी टोकाला मूळ व्यास बव्हंशी शिल्लक असतो. माप तेथेच घ्यावे. त्याच जागी पिन काटकोनात फिरवून पुन्हा मोजावे आणि दोन्ही मापे जुळतात की नाही हे पाहावे. झिजलेल्या पट्ट्यावर एका दिशेने ७८.६ आणि दुसऱ्या दिशेने ७९.३ अशी मापे मिळू शकतात, कारण पिन लंबगोल झालेली असते. ही मापे झीज किती झाली हे सांगतात. मूळ पिन केवढी होती, हे ती सांगू शकत नाहीत. कानाच्या भोकावरून पिनचा व्यास ठरवणे तर त्याहून धोक्याचे, कारण भोक मोठे होत जाते आणि पिन लहान होत जाते.

मूळ माप मिळाले की ते जवळच्या प्रचलित व्यासाशी ताडून पाहावे. ढोबळमानाने तीन टनी यंत्राला ४०, पाच टनीला ४५, तेरा-चौदा टनीला ६५ ते ७०, वीस टनीला ८० आणि तीस टनीला ९० मिलिमीटरच्या आसपास पिन असते. कंपनीप्रमाणे यात फरक पडतो. वजनावरून व्यास ठरवू नये, घेतलेल्या मापाची खात्री करण्यापुरताच या आकड्यांचा उपयोग करावा.

व्यास जुळला म्हणजे पिन जुळली असे नव्हे. लांबी मोजताना डोक्याच्या खालच्या कडेपासून आडव्या बोल्टाच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर महत्त्वाचे असते. एकूण लांबी बरोबर आणि छिद्र पाच मिलिमीटर पुढे, अशी पिन निरुपयोगी होय. ग्रीसचे छिद्र पिनमध्ये आहे की आर्ममध्ये, हेही पाहून ठेवावे.

दुसऱ्या यंत्राची बकेट किंवा दगड फोडणारा ब्रेकर भाड्याने आणून लावण्याची प्रथा या भागात रूढ आहे. अशा वेळी आणखी दोन मापांची गरज भासते. एक आर्मच्या टोकाची रुंदी व त्याच्याशी जुळणारे दोन कानांमधील अंतर. दुसरे दोन पिनांच्या मध्यबिंदूंतील अंतर. मध्यबिंदू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून भोकांच्या आतल्या कडांमधील आणि बाहेरच्या कडांमधील अशी दोन अंतरे मोजून त्यांची सरासरी काढावी. आतले अंतर ३६० आणि बाहेरचे ५२० असेल, तर मध्यांतर ४४० मिलिमीटर. हे अंतर कमी-अधिक असलेली बकेट ओढूनताणून बसवता आली, तरी ती पुरती वळत नाही किंवा तिचा दुवा आर्मवर आदळतो.

धातू कोणता

मापात अचूक असलेली पिनही आठवड्यात झिजू शकते, जर ती साध्या बांधकामाच्या लोखंडाची असेल. पिनचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट असावा लागतो. सबंध पिन काचेसारखी कठीण केली तर दणक्याने तिचे दोन तुकडे होतील. सबंध नरम ठेवली तर ती वाकेल आणि झिजेल. म्हणून मध्यम कार्बनचे पोलाद, उदाहरणार्थ ईएन ८, किंवा क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त ईएन १९, घेऊन त्याच्या पृष्ठभागावर काही मिलिमीटर खोलीपर्यंत इंडक्शन पद्धतीने कठीणपणा आणतात. पृष्ठभागाची कठीणता रॉकवेल ‘सी’ मापावर पन्नासच्या वर असणे इष्ट. उसाच्या कांड्याची साल आणि गाभा जसे वेगळे, तसाच हा प्रकार. फक्त येथे गाभाही बळकट लागतो.

पिन नुसती ‘ईएन ८ ची’ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. उष्णतासंस्कार न केलेली ईएन ८ ची पिन कठीण नसते. खरेदीच्या वेळी एक सोपी परीक्षा करता येते. जेथे पिन बुशमध्ये फिरणार त्या भागाच्या कडेला नवी, धारदार कानस हलकेच फिरवावी. कानस घसरली तर पृष्ठभाग कठीण आहे; कीस निघाला तर पिन नरम आहे. टोकाशी ही परीक्षा करू नये, कारण पुष्कळदा टोके मुद्दाम नरम ठेवलेली असतात. झिजलेल्या पिनवर वेल्डिंगचा थर चढवून ती लेथवर उतरवण्याचा प्रकारही सर्रास चालतो. त्याने व्यास परत येतो, परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने मूळ कठीणपणा जातो आणि कित्येकदा सूक्ष्म भेगाही पडतात. अडल्या वेळी एखादा दिवस काढण्यापुरताच तो उपाय समजावा.

जमीन, पाणी आणि ग्रीस

सीमाभागाची भूमी एकजिनसी नाही. निपाणी-चिक्कोडीकडील काळी माती ओली असताना बकेटीला आणि जोडांना लुकणासारखी चिकटते. खानापूरकडे जांभा लागतो. गोकाकच्या बाजूला गारेचे प्रमाण अधिक असलेला वालुकाश्म आहे आणि त्याचे बारीक कण बुशमध्ये शिरले की ते सहाणेसारखे काम करतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते. नदी-ओढ्यांच्या काठी गाळ काढताना यंत्राची बकेट तासन्‌तास पाण्यात राहते. अशा कामात ग्रीस धुऊन जाते, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी आणि काम आटोपल्यावर असे दोनदा ग्रीस भरणे योग्य. जुने, काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत पंप मारावा. बुशच्या तोंडाशी असलेले रबरी कडे तुटले असल्यास तेही बदलावे. त्याची किंमत नगण्य असते, ते नसले तर गारेच्या कणांना दार उघडे राहते.

बकेट बाजूला हलते म्हणून पिन बदलण्याची घाई करू नये. बाजूचा ढिलेपणा कान आणि आर्म यांच्यामधील फटीमुळे असतो आणि तो योग्य जाडीच्या शिम घालून दूर होतो. वर-खाली होणारा खडखडाट मात्र पिन आणि बुश यांचाच. नवी पिन जुन्या, लंबगोल बुशमध्ये घालणे म्हणजे नव्या पिनचे आयुष्य निम्म्याहून कमी करणे होय.

पिन काढताना व बसवताना होणारे अपघात बहुतांशी टाळता येण्याजोगे आहेत. बकेट सपाट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, हायड्रॉलिक दाब सोडून द्यावा आणि त्यानंतरच पिनला हात लावावा. कठीण पिनवर पोलादी घण थेट मारल्यास तिचा कपचा गोळीच्या वेगाने उडतो. मध्ये पितळेचा वा तांब्याचा ठोकळा धरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. कान व आर्म यांची भोके एका रेषेत आली की नाही हे पाहण्यासाठी बोट आत घालण्याची सवय कित्येक मदतनिसांना असते. केबिनमधील चालकाने त्याच क्षणी दांडा किंचित हलवला, तर बोट जागेवर तुटते. भोकांची जुळणी नेहमी लोखंडी सळईने पाहावी आणि ती पाहून होईपर्यंत चालकाचे दोन्ही हात दांड्यांवरून बाजूला असावेत.