पिस्टन विकत घेतांना मालाची पारख कशी करावी

चिंचपोकळी हें नांव आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं परिचयाचें असेल. एक भाऊ गांवीं शेतीवर व एक भाऊ मुंबईस गिरणींत, अशी वांटणी घाटावरच्या व कोंकणच्या कित्येक कुटुंबांत असे; आणि विहिरीवरील इंजिनाचा एखादा भाग मोडला म्हणजे तो मुंबईहून धाडण्याचें काम गिरणींतील भावाकडे येई. सन १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले, तरी ही चाल मोडली नाहीं. प्रस्तुत लेखक चिंचपोकळीसच राहतो, व गांवाकडील अशा मागण्या आजहि त्याच्याकडे येतात. येथून मस्जिद स्टेशन तिसरें. जवळच नागदेवी स्ट्रीटवर यंत्रसामानाचीं दुकानें आहेत. जुना माल चोरबाजारांत मिळतो. मोटारींच्या सुट्या भागांसाठीं ऑपेरा हाऊसकडे जावें लागतें. माल सर्वत्र भरपूर आहे. अडचण आहे ती तो ओळखण्याची.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माण तालुक्यांतील आमच्या विहिरीवर ८० मिलिमीटर बोअरचें, पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन आहे. माघांत कांदा पोसूं लागला असतां तें धूर ओकूं लागलें व तेल खाऊं लागलें. थोरल्या बंधूंनीं पिस्टन-लायनरचा संच धाडण्यास कळविलें. मीं तो एका दुकानांतून घेतला. खोकें नामांकित कंपनीचें, छपाई स्वच्छ, वर चकचकणारी शिक्क्याची पट्टी. किंमत थोडी कमी पडली त्याचा आनंदच वाटला. बिल मागितलें नाहीं. संच बसविल्यावर इंजिन पहिल्या दिवशीं ठीक चाललें, दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याचा आवाज बदलला आणि तें जाम झालें. दुसरा संच मिळून बसेपर्यंत नऊ दिवस गेले. हलक्या रानांतील पोसवणीच्या कांद्यास नऊ दिवस पाणी चुकलें म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. त्या वाफ्यांतून निघाला तो कांदा लिंबाएवढा.

तो खरवडलेला पिस्टन मीं चिंचपोकळीस आणवला. आमच्या चाळींत गिरणींतून निवृत्त झालेले एक वृद्ध फिटर आहेत, त्यांस सगळे तात्या म्हणतात. तात्यांनीं खालच्या, न खरवडलेल्या भागावर मायक्रोमीटर लावला. एकदां पिनेच्या दिशेनें, एकदां तिच्या आडव्या दिशेनें. दोन्ही मापें अगदीं एक आलीं. ते म्हणाले, “अरे, हा तर गोल आहे!” मला वाटलें, ते मालाची वाखाणणी करीत आहेत.

येथेंच बहुतेकांची फसगत होते. सिलिंडर गोल, म्हणून त्यांत खालीं-वर होणारा दट्ट्याहि गोल असावा, असें कोणासहि वाटेल. परंतु चांगला पिस्टन थंड असतांना गोल नसतो. पिनेच्या दोन्ही बाजूंस धातूचा जाड गोळा असतो. तो तापला म्हणजे त्या दिशेनें पिस्टन अधिक फुगतो. म्हणून कारखान्यांत तो पिनेच्या दिशेनें किंचित् चपटा, लंबगोल घासलेला असतो. कामाच्या उष्णतेवर आला म्हणजे तो आपोआप गोल होतो. हा फरक एका मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, कित्येक पिस्टनांत त्याहून अधिक असतो. डोळ्यास दिसत नाहीं, पण मायक्रोमीटरला तत्काळ दिसतो. त्याचप्रमाणें पिस्टनचें डोकें खालच्या घेराहून लहान असतें, कारण ज्वाळा डोक्यावर येते. थोडें गणित मांडून पाहूं. पिस्टनची अल्युमिनियम मिश्रधातु एका अंशानें तापली असतां मिलिमीटरमागें सुमारें ०·००००२ मिलिमीटर वाढते. ८० मिलिमीटरचें डोकें ३० अंशांवरून २७० अंशांवर गेलें, तर तें सुमारें ०·३८ मिलिमीटर फुगेल. ओतीव लोखंडाचा लायनर तितका तापत नाहीं आणि निम्म्याच दरानें वाढतो. तो शंभर अंशांनीं तापला तरी ०·०९ मिलिमीटरच्या आसपास मोठा होईल. उरलेली जागा पिस्टन घडवितांनाच ठेवलेली असली पाहिजे. ज्यानें केवळ कातारीवर सरळ गोल कातून पिस्टन केला, त्यानें ही जागा ठेवलेली नसते. लंबगोल घासण्यास वेगळें यंत्र लागतें, तें खर्चाचें काम आहे. खोटा माल करणारा पहिली काटछाट तेथेंच करितो.

तेव्हां पिस्टन हातीं आला कीं प्रथम हें माप घ्यावें. पिनेच्या आडव्या दिशेनें, माहितीपुस्तकांत सांगितलेल्या उंचीवर घेतलेलें माप हेंच पिस्टनचें खरें माप होय. नंतर पिनेच्या दिशेनें तें कमी भरलें पाहिजे. नंतर डोक्याजवळ आणखी कमी. पिस्टन व मायक्रोमीटर दोन्ही सावलींत तासभर शेजारीं ठेवून मग मापावें. उन्हांत तापलेला पिस्टन वीस अंशांच्या फरकानें ०·०३ मिलिमीटर मोठा दाखवितो, आणि एवढ्यानें निर्णय चुकतो. मायक्रोमीटर घरीं नसला तर तालुक्याच्या ठिकाणीं बोअर करणाऱ्या कारखान्यांत तो असतोच. व्हर्नियरवर या कामीं विसंबूं नये.

वजनाची परीक्षा त्याहून सोपी आहे व तीस सोनाराचा काटा पुरतो. एका सिलिंडरच्या इंजिनांत नवा पिस्टन जुन्याच्या तुलनेंत जोखावा. जुन्यावरील काजळी काढलेली असावी, आणि तो त्याच नंबरचा असावा. तीन किंवा चार सिलिंडरांच्या ट्रॅक्टरांत सर्व पिस्टन एकमेकांशीं जोखावे. चांगला कारखाना एका संचांतील पिस्टन थोड्या ग्रॅमांच्या आंत जुळवून देतो. एक पिस्टन दुसऱ्याहून वीस-पंचवीस ग्रॅम जड निघाला, तर तो संच एका घरचा नव्हे असें समजावें. आमचा तो पिस्टन जुन्याहून चाळीस ग्रॅम जड होता. तात्यांचें म्हणणें असें कीं, ज्याला आपल्या धातूचा भरंवसा नसतो तो भिंती जाड ठेवतो.

धातूची गोष्ट मात्र काट्यानें व मापानें कळत नाहीं. पिस्टनसाठीं सर्वसाधारणपणें अल्युमिनियमांत शेंकडा १२ च्या आसपास सिलिकॉन घातलेला असतो. सिलिकॉनमुळें धातु कमी फुगते व कमी झिजते. दारें-खिडक्यांच्या पट्ट्या, भांडीं व तारा यांचें भंगार वितळवून ओतलेल्या पिस्टनांत सिलिकॉनचें प्रमाण कमी असूं शकतें. तो दिसण्यांत तसाच, किंबहुना अधिक पांढरा व चकचकीत असतो, आणि उष्णतेंत अधिक फुगतो. याची खरी परीक्षा धातूचें पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेंतच होते. मुंबई, पुणें, कोल्हापूर येथें अशा प्रयोगशाळा आहेत. एका संचासाठीं हा खर्च कोणी करणार नाहीं. परंतु गांवांतील दहा-बारा जणांनीं मिळून एकाच ठिकाणाहून माल घेतला, तर त्यांतील एक नग तपासण्यास देणें महाग पडणार नाहीं. खरेदी-विक्री संघांनीं याचा अवश्य विचार करावा.

एक परीक्षा मात्र चार आण्यांच्या लोहचुंबकानें करितां येते, आणि ती आमच्या मिस्त्री मंडळींस फारशी ठाऊक दिसत नाहीं. कित्येक डिझेल पिस्टनांत सर्वांत वरच्या रिंगेच्या खांचेभोंवतीं लोखंडी कडें ओतवून बसविलेलें असतें, म्हणजे खांच लवकर झिजत नाहीं. हें कडें साध्या बिडाचें नसून निकेल घातलेल्या विशेष बिडाचें असतें. तें जवळजवळ अल्युमिनियमइतकेंच फुगतें, म्हणून सुटत नाहीं. असें निकेलचें बीड चुंबकास अगदीं थोडें, किंवा मुळींच धरीत नाहीं. चुंबक खांचेच्या कडेस घट्ट चिकटला, तर कडें साध्या बिडाचें आहे व तें आज ना उद्यां ढिलें होणार. ज्या पिस्टनास मुळांत कडेंच नसतें त्यास ही परीक्षा लागू नाहीं, हें लक्षांत ठेवावें. माहितीपुस्तक अगोदर पाहावें.

आतां मालाच्या कुळाविषयीं. खोटा माल आणि दुसऱ्याचा माल या दोन गोष्टी भिन्न आहेत, व त्यांचा घोटाळा करूं नये. इंजिन करणारी कंपनी आपला पिस्टन स्वतःच ओतते असें नाहीं. पिस्टन करणारे कारखाने निराळे आहेत: मद्रासची इंडिया पिस्टन्स ही सन १९४९ पासूनची, गाझियाबादेस श्रीराम पिस्टन्स, आणि आपल्या कोल्हापुरांत मेनन पिस्टन्स. असे कारखाने इंजिन कंपन्यांसाठीं माल करितात व आपल्या स्वतःच्या नांवानेंहि बाजारांत विकतात. तो दुसऱ्या प्रकारचा माल पुष्कळदां स्वस्त पडतो व चांगलाहि असतो. माझ्या मतें अडल्या वेळीं तोच घ्यावा. त्याज्य आहे तो तिसरा, म्हणजे ज्याच्या खोक्यावर एकाचें नांव व पोटांत कोणाचेंच नाहीं, असा. चांगल्या पिस्टनच्या आंतल्या बाजूस ओतकामांतच उठविलेलें कारखान्याचें चिन्ह व नंबर असतो. डोक्यावर मापाची खूण व बसविण्याची दिशा दाखविणारा बाण असतो. ओतलेलीं अक्षरें फुगीर व मऊ कडांचीं असतात. मागाहून कोरलेलीं अक्षरें संशयास्पद समजावीं. आंतला नंबर, खोक्यावरचा नंबर आणि माहितीपुस्तकांतला नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत.

खोक्यावर विश्वास ठेवूं नये, हें मी स्वानुभवानें सांगतों. खोकें छापतां येतें. त्याहून वाईट म्हणजे खरें खोकें भंगारवाल्याकडे मिळतें. आपण नवा संच काढून रिकामें खोकें अंगणांत टाकतों, तें पुन्हां भरून आपल्याच शेजाऱ्यास विकलें जाऊं शकतें. खोकें फाडून टाकावें. चौकोनी ठिपक्यांची जी खूण मोबाईलनें वाचतां येते, तिचीहि नक्कल निघते, व नकलेची खूण खऱ्या खुणेसारखेंच उत्तर देते. म्हणून ती वाचण्यापेक्षां कंपनीच्या माहितीपुस्तकांतील दूरध्वनीवर विचारावें, कीं अमुक दुकान तुमचें अधिकृत विक्रेतें आहे काय. हा प्रश्न विचारण्यास दोन मिनिटें लागतात. मला नऊ दिवस लागले.

अलीकडे ‘जादा पॉवरचा’ पिस्टन म्हणून कांहीं माल शेतकऱ्यांच्याहि गळीं मारूं पाहतात. शर्यतीच्या मोटारींसाठीं व मोटारसायकलींसाठीं घडीव पिस्टन असतात, हें खरें. तांपलेलें लोखंड ठोकून अवजार करावें तसे ते दाबून घडविलेले असतात, व मजबूत असतात. परंतु त्यांतील कित्येकांत सिलिकॉन फार थोडा असतो, ते अधिक फुगतात, म्हणून सिलिंडरांत जागा जास्त ठेवावी लागते व थंड असतांना ते खडखडतात. विहिरीवरील इंजिन मिनिटास १५०० फेऱ्यांवर बांधलेलें. पंप तितक्या फेऱ्यांत जेवढें पाणी उचलावयाचा तेवढेंच उचलणार. डोकें उंच केलेला पिस्टन बसवून दाब वाढविला तर पाणी वाढत नाहीं. हेडशीं असलेलें अंतर मात्र कमी होतें, आणि तें साधारण एका मिलिमीटरचेंच असतें. पिस्टन हेडवर किंवा व्हाल्व्हवर आदळला तर कनेक्टिंग रॉड वांकतो. असा माल परदेशी म्हणून विकला जात असल्यास खोक्यावर आयात करणाराचें नांव, पत्ता व मूळ देश छापलेला आहे कीं नाहीं तें पाहावें. सन २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणें किरकोळ विक्रीच्या बंद खोक्यावर हें लागतें. देशी मालावरहि करणाराचें नांव-पत्ता, महिना-वर्ष व कमाल किंमत लागते. यांतील एखादी गोष्ट नसेल तर खोकें उघडूंच नये.

पक्कें बिल घ्यावें, व त्यावर पिस्टनचा नंबर आणि करणाराचें नांव दुकानदाराकडून लिहून घ्यावें. जो हें लिहून देण्यास कांकूं करितो, त्याचा माल कांहींहि असो, घेऊं नये. बसविण्यापूर्वीं पिस्टन, खोकें व बिल यांचीं छायाचित्रें काढावीं. बिघडलेला पिस्टन फेंकून देऊं नये, व कोणीं मागितला तरी पावतीवांचून देऊं नये. दुसऱ्याचें व्यापारचिन्ह खोटें लावणें हा सन १९९९ च्या कायद्याच्या कलम १०३ खालीं गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. ज्याचें चिन्ह चोरीस गेलें त्या कंपनीस प्रथम कळवावें; कारवाई करण्यांत तिचाहि स्वार्थ असतो. आपल्या नुकसानीसाठीं सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करितां येते, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथें फी नाहीं. प्राथमिक सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनि आहे. मजजवळ बिल नव्हतें, म्हणून यांतील कांहींच मला करितां आलें नाहीं. तो पिस्टन अजून तात्यांच्या खिडकींत आहे. त्यांत ते खिळे ठेवतात.