कावीळ 'ब'ची लस : तीन टोचण्या आणि एक तपासणी

आमच्या संस्थेच्या पुष्कळ सभासदांच्या घरी कोणी ना कोणी इस्पितळात कामाला आहे. कोणी परिचारिका, कोणी वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार. गेल्या वर्षी अशाच एका भगिनीला कचऱ्याची पिशवी बांधताना वापरलेली सुई टोचली. ती कंत्राटी कामगार. लस घेतली आहे का, असे डॉक्टरांनी विचारताच तिने विचारले, "कसली लस?" या प्रश्नामुळेच आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ 'ब' ही दूषित पाण्याने होणारी कावीळ नव्हे. तिचा विषाणू रक्तावाटे व शरीरातील काही स्रावांवाटे पसरतो. सुकलेल्या रक्तातही तो किमान ७ दिवस टिकतो. बाधित सुई टोचल्यास लस न घेतलेल्या १०० पैकी ६ ते ३० जणांना संसर्ग होऊ शकतो. कित्येकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही, आणि पुढे यकृत निकामी होते किंवा त्याचा कर्करोग होतो. गळ्यात काविळीची माळ घालणाऱ्या आणि हातावर चुना चोळून घेणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे.

हा विषाणू ओळखण्याचा मार्ग दाखविणारे बरूच ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस आणली.

मोठ्या माणसांना ही लस दंडात देतात : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या टोचणीनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ततपासणी करावी. प्रतिद्रव्याचा आकडा १० किंवा अधिक आला की लस लागू पडली. पुढे हा आकडा उतरतो, परंतु शरीरातील स्मृतिपेशी विषाणूला विसरत नाहीत. हे संरक्षण ३० वर्षे टिकल्याचे आढळले आहे. म्हणून निरोगी माणसाला पुन्हा टोचणी लागत नाही.

मग तपासणी कशाला? कारण काही जणांना लस लागूच पडत नाही. वेळेवर तपासणी झाली नाही आणि दहा वर्षांनी आकडा कमी आला, तर तो उतरला आहे की कधी चढलाच नव्हता, हे कळत नाही. लागू न पडलेल्यांना पुन्हा तीन टोचण्या देतात. तो कागद पासबुकाप्रमाणे जपून ठेवावा. नोकरी बदलली तरी तो कामास येतो.

सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी व ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. लस घेतलेली नसल्यास तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शन शक्यतो २४ तासांत देतात आणि लसही सुरू करतात.

त्या भगिनीला हे दोन्ही मिळाले. सहा महिन्यांनी तिचे रक्त निर्दोष आले. तिच्याबरोबर त्याच पिशव्या उचलणाऱ्या इतर बायकांना मात्र कंत्राटदाराने अजून काही विचारलेले नाही.